स्वसंरक्षणासाठी रिव्हॉल्व्हर: कोणतं आणि कुणी?



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आयुष्यभर वकिली करत होते आणि आत्मसंरक्षणाच्या हक्काचे खटले त्यांनी मनापासून लढवले. त्यांच्या नावाच्या व्यासपीठावर शस्त्राविषयी बोलायला मला संकोच वाटत नाही. सराफ, बांधकाम व्यावसायिक, अपरात्री रुग्ण तपासायला जाणारे डॉक्टर, मळ्यात एकटं घर असलेले बागायतदार यांच्याकडून एक प्रश्न मला वारंवार येतो: "साहेब, परवाना मंजूर झालाय, आता घेऊ कोणतं?" या प्रश्नाचं उत्तर बाजारात किंमत विचारून मिळत नाही. दुकानदार त्याच्याकडे असेल ते दाखवतो आणि मित्र स्वतःकडे असेल त्याची भलामण करतो. म्हणून आज हा विषय नीट, सुरुवातीपासून मांडायचा आहे.

पहिल्यांदा कायद्याची चौकट. आपल्याकडे शस्त्र बाळगणं हा मूलभूत हक्क नाही. तो व्हावा असं वाटणारे लोक मात्र होते. १८७८च्या आर्म्स अ‍ॅक्टनं ब्रिटिशांनी हिंदी माणसाच्या हातातलं शस्त्र काढून घेतलं, त्याची चीड स्वातंत्र्यचळवळीत खोलवर होती. १९३१च्या कराची काँग्रेसच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरिकांच्या हक्कांमध्ये मोजलेला होता. डिसेंबर १९४८मध्ये संविधान सभेत हरी विष्णू कामत यांनी तो मुद्दा पुन्हा उचलला, पण तो स्वीकारला गेला नाही. पुढे १९५९चा शस्त्र अधिनियम आला आणि १ ऑक्टोबर १९६२पासून तो लागू झाला. आज २०१६चे शस्त्र नियम चालतात. आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस आयुक्त आणि बाकी जिल्ह्यांत जिल्हाधिकारी परवाना देतात. २०१९च्या दुरुस्तीनं एका माणसाला ठेवता येणाऱ्या शस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षांवर नेली.

या चौकटीमुळे निवडीचा निम्मा भाग आपल्या हातात राहतच नाही. ९ मिलिमीटर हे पोलीस आणि लष्कराचं काडतूस, त्यामुळे ते सामान्य नागरिकासाठी निषिद्ध बोअरमध्ये, म्हणजे मनाई असलेल्या नळीव्यासात, मोडतं. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून नागरिकांसाठी परदेशी शस्त्रांची आयातही बंद आहे. त्या आधी आलेली वेब्ली, वॉल्थर, कोल्ट या बनावटीची जुनी शस्त्रं परवानाधारकांमध्ये फिरत राहतात आणि त्यांना काही लाखांचे भाव मिळतात. उरतं ते मुख्यतः .३२ बोअर आणि थोडं .२२. कानपूरच्या कारखान्यांचं .३२ रिव्हॉल्व्हर हे आपल्या देशातलं नागरी हत्यार म्हणावं इतकं सर्वत्र दिसतं. त्याची घडण जुन्या वेब्लीच्या धर्तीची आहे. वरची कडी सोडली की नळी पुढे झुकते, सिलिंडर उघडतो आणि सहाही पुंगळ्या एकदम बाहेर येतात. २०१४च्या जानेवारीत त्याच घराण्यातलं 'निर्भीक' आलं. ते हलक्या मिश्रधातूचं, सुमारे ५०० ग्रॅम वजनाचं होतं आणि त्याची किंमत १,२२,३६० रुपये होती. ऑगस्ट २०२३मध्ये कानपूरच्याच सरकारी कंपनीनं 'प्रबल' आणलं. त्याचा सिलिंडर बाजूला उघडतो, जसा जगातल्या बहुतेक आधुनिक रिव्हॉल्व्हरांचा उघडतो. उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यातल्या संडीला इथं वेब्ली अँड स्कॉटच्या नावानंही रिव्हॉल्व्हर बनू लागलं. पिस्तुलांत 'अशनी' आहे, तेही .३२.

इथं एक गोष्ट सांगतो, कारण ती दुकानात कुणी समजावत नाही. रिव्हॉल्व्हरचं .३२ आणि पिस्तुलाचं .३२ ही दोन वेगळी काडतुसं आहेत. रिव्हॉल्व्हरचं आहे .३२ स्मिथ अँड वेसन लाँग, १८९६च्या सुमाराचं, मागे ठळक कड असलेलं. पिस्तुलाचं आहे .३२ एसीपी, जॉन ब्राउनिंगनं १८९९च्या सुमारास पिस्तुलासाठी बनवलेलं, आखूड आणि जवळजवळ बिनकडेचं. दोघांनाही लोक "बत्तीस" म्हणतात. एकाचं काडतूस दुसऱ्यात कसंबसं बसलं तरी ते झाडायचं नसतं. पेटीवरचं पूर्ण नाव वाचल्याशिवाय काडतूस घेऊ नका.

आता रिव्हॉल्व्हर की पिस्तूल? माझं मत मी आडपडदा न ठेवता सांगतो. दर आठवड्याला सराव करू न शकणाऱ्या माणसानं रिव्हॉल्व्हर घ्यावं. पिस्तूल चपटं असतं, कपड्याखाली छान लपतं, गोळ्या थोड्या जास्त बसतात, चाप हलका असतो. हे सगळं खरं आहे. पण पिस्तूल माणसाकडून काही कामं मागतं. मॅगझिन नीट बसलं का, नळीत गोळी आहे का, सेफ्टी वर आहे की खाली, हे प्रत्येक वेळी माहीत असावं लागतं. गोळी अडकली तर दोन्ही हातांनी स्लाइड मागे ओढून ती काढावी लागते. छाती धडधडत असताना, बोटं बधिर झालेली असताना हे हात आपोआप करतील, एवढा सराव लागतो. रिव्हॉल्व्हरमध्ये एखादं काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा चाप ओढायचा, सिलिंडरमधलं पुढचं घर समोर येतं. उघडून पाहिलं की भरलेलं आहे की रिकामं, ते लगेच दिसतं. गोळ्या सहाच, आणि पुन्हा भरायला वेळ लागतो, हा त्याचा दोष आहे. पण एकट्यादुकट्या नागरिकावर सातवी गोळी भरण्याची वेळ येईल असा धोका असेल, तर त्याला शस्त्रापेक्षा पोलीस संरक्षणाची गरज आहे.

जे लोक आठवड्याला रेंजवर जातात, त्यांनी खुशाल पिस्तूल घ्यावं. त्यांना माझ्या सल्ल्याची गरज नाही.

यापुढचा मुद्दा हाताचा आहे आणि त्याच्यावर मी जरा थांबणार आहे, कारण निवड इथंच चुकते. लोक हलकं शस्त्र मागतात. दिवसभर अंगावर बाळगायचं तर हलकं बरं, हे कळतं. पण रिव्हॉल्व्हर डबल अ‍ॅक्शननं झाडताना, म्हणजे आधी हॅमर मागे न ओढता थेट चाप ओढताना, बोटाला साधारण पाच किलोंच्या आसपास ताकद लावावी लागते. शस्त्र ५०० ग्रॅमचं असेल तर त्याच्या वजनाच्या दहापट जोर एका बोटानं मागे चाललेला असतो. त्या ओढीनं नळीचं तोंड खाली किंवा बाजूला सरकतं आणि गोळी वीतभर नाही, हातभर चुकते. शिवाय तीच गोळी हलक्या शस्त्रातून सुटली की धक्का जास्त बसतो, दुसरा नेम सावरायला उशीर होतो. म्हणून विकत घेण्यापूर्वी रिकामं शस्त्र दुकानात हातात धरा, सुरक्षित दिशेला रोखा आणि मालकाच्या परवानगीनं चाप सावकाश ओढून पाहा. बोटाचं पेर चापावर नीट पोहोचतं का? मूठ तळव्यात भरते का, की करंगळी हवेत राहते? चाप ओढताना नळीच्या टोकावरची नेमाची माशी जागेवर राहते का? अंगठी बोटात बसते की नाही हे जसं घालूनच कळतं, तसंच हे आहे. लहान हाताच्या स्त्रीनं आणि संधिवाताच्या वयातल्या माणसानं तर हे केल्याशिवाय पैसे देऊच नयेत. स्त्रियांसाठी म्हणून जे विकलं जातं ते सर्वांत हलकं असतं, आणि झाडायला सर्वांत अवघडही तेच असतं. ही जाहिरात मला मान्य नाही.

बोअर लहान आहे, .३२नं माणूस थांबेल का, ही तक्रार नेहमी ऐकू येते. या बाबतीत अमेरिकेतला एक प्रसंग माहीत असावा. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत एफबीआयच्या तुकडीनं दोन दरोडेखोरांना अडवलं. चकमकीत दोन एजंट मारले गेले, पाच जखमी झाले. एका दरोडेखोराला सुरुवातीलाच लागलेली ९ मिलिमीटरची गोळी हृदयाच्या अलीकडे थांबली होती आणि तो त्यानंतरही लढत राहिला. त्यावरून एफबीआयनं मोठ्या बोअरचा शोध सुरू केला. आधी १० मिलिमीटर आलं, मग १९९०मध्ये .४० स्मिथ अँड वेसन आलं, अमेरिकाभर पोलिसांनी ते घेतलं. पंचवीसेक वर्षांनी तीच एफबीआय ९ मिलिमीटरवर परत आली. गोळ्या सुधारल्या होत्या हे एक कारण. दुसरं कारण असं की कमी धक्क्याच्या शस्त्रानं एजंट अधिक वेगानं आणि अधिक अचूक नेम धरत होते. ज्यांच्याकडे पैसा, प्रयोगशाळा आणि रोजचा सराव आहे त्यांनाही शेवटी अचूकतेकडेच वळावं लागलं. .३२ दुबळं आहे, हे मी नाकारत नाही. पण कायद्यानं जे हातात दिलं आहे, त्यातली गोळी योग्य जागी लागणं हे आपल्या हातात आहे. .२२ मात्र मी स्वसंरक्षणासाठी सुचवत नाही. त्याच्या काडतुसाचं स्फोटक कडेत भरलेलं असतं आणि अशी काडतुसं न फुटण्याचं प्रमाण मध्यभागी टोपी असलेल्या काडतुसांपेक्षा जास्त असतं.

जुनं शस्त्र घेणार असाल तर शस्त्रदुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराला दाखवल्याशिवाय सौदा करू नका. मध्ये उघडणाऱ्या रिव्हॉल्व्हरची कडी झिजली की सांधा हलतो. हॅमर मागे गेल्यावर सिलिंडरचं घर नळीच्या बरोबर समोर यायला हवं, थोडं जरी तिरकं आलं तर गोळी कडेला घासून शिशाचे कण मागे उडतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे भरलेलं शस्त्र खाली पडलं तर हॅमर काडतुसावर आदळू नये यासाठी आत अडसर आहे का आणि तो काम करतो का, हे विचारा. १ ऑक्टोबर २०२४ रोजी पहाटे मुंबईत जुहूच्या घरी अभिनेते गोविंदा यांच्या पायाला त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी लागली. कपाटात ठेवताना ते हातातून निसटलं आणि सुटलं, असं तेव्हा सांगण्यात आलं. जीव वाचला हे नशीब. अडसराची खात्री नसेल तर हॅमरखालचं घर रिकामं ठेवून पाचच गोळ्या भरण्याची जुनी रीत आहे, ती पाळावी.

कोकणातल्या आणि गोव्यातल्या परवानाधारकांसाठी एक जादा सूचना. शस्त्र कातडी होल्स्टरमध्ये घालून कपाटात ठेवू नका. कातडं ओल धरतं आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत नळीला गंज चढतो. काडतुसांना तेल लावू नका, ते टोपीत झिरपलं की काडतूस मरतं. जुनी काडतुसं रेंजवर झाडून संपवा आणि नवी घ्या.

बाळगायचं कसं? २०१६च्या नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी हँडगन अंगावर होल्स्टरमध्येच न्यायची आहे. हातात घेऊन मिरवणं, दाखवणं, उत्सवात झाडणं याला मनाई आहे. लग्नात किंवा वरातीत बार काढून कुणाचा जीव धोक्यात आणला तर २०१९च्या दुरुस्तीनं दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. होल्स्टर असं हवं की चाप पूर्ण झाकला जाईल आणि शस्त्र एका हातानं परत आत ठेवता येईल. पँटच्या नेफ्यात नुसतं खोचलेलं शस्त्र घसरतं. पर्समध्ये किल्ल्या आणि पेन यांच्यात पडलेलं शस्त्र चापात काहीतरी अडकून सुटू शकतं, आणि हिसकावणारा पहिल्यांदा पर्सच हिसकावतो. शस्त्रासाठी दोन हजार रुपयांचं होल्स्टर घ्यायला लोक खळखळ करतात, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

आता वेळेचा हिशेब पाहा. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी १९८३मध्ये एक साधी गोष्ट लिहिली. हातात चाकू असलेला धडधाकट माणूस २१ फुटांचं अंतर सुमारे दीड सेकंदात पार करतो. होल्स्टरमधून शस्त्र काढून नेम धरायला तयार पोलिसालाही जवळपास तेवढाच वेळ लागतो. आपला सराफ दुकानाचं शटर खाली ओढत असतो, एका हातात पिशवी असते आणि हल्लेखोर चार फुटांवर असतो. अशा क्षणी कमरेचं शस्त्र हातात येण्यापूर्वी बाजूला उडी मारणं, पिशवी फेकून देणं, ओरडणं हीच पहिली कृती असते. म्हणून मी सराफांना आधी दुसरे प्रश्न विचारतो. रोकड घेऊन रोज एकाच वाटेनं, एकाच वेळी का जाता? दुकान बंद करताना दुसरा माणूस का नाही? बाहेर उजेड आहे का? ही तजवीज केल्यावर पुष्कळांची शस्त्राची गरजच संपलेली मी पाहिली आहे.

कायदा गोळी झाडण्याचा अधिकार कधी देतो, हे ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत त्यांचं आवडतं क्षेत्र होतं. १ जुलै २०२४पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. जुनी ९६ ते १०६ ही कलमं आता ३४ ते ४४ झाली आहेत, आशय बहुतांशी तोच आहे. मृत्यूची किंवा गंभीर इजेची, बलात्काराची, अपहरणाची, अ‍ॅसिड हल्ल्याची वाजवी भीती असेल तर हल्लेखोराचा मृत्यू घडवण्यापर्यंत हा हक्क जातो. मालमत्तेसाठी तो फार अरुंद आहे. दरोडा, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वीची घरफोडी, राहत्या घराला आग लावणं अशी मोजकी प्रकरणं त्यात येतात. मोबाइल हिसकावून पळणाऱ्याच्या पाठीत गोळी मारणं यात कुठंही बसत नाही. भीती सुरू झाली की हक्क सुरू होतो, भीती संपली की हक्क संपतो. हल्लेखोर वळून पळू लागला त्या क्षणी आपलं बोट चापावरून बाहेर यायला हवं. सर्वोच्च न्यायालयानं २०१०च्या दर्शन सिंग खटल्यात ही तत्त्वं एकत्र मांडली आहेत. जीव मुठीत धरून लढणाऱ्या माणसानं इजा तराजूत मोजून करावी अशी अपेक्षा न्यायालय ठेवत नाही, हेही त्यात आहे. परवानाधारकानं ही तत्त्वं वकिलाकडून एकदा समजून घ्यावीत. कारण गोळी झाडल्यावर तुमच्यावर गुन्हा नोंदला जाऊ शकतो, शस्त्र जप्त होतं आणि स्वसंरक्षण होतं हे न्यायालयाला पटवून देण्याचं ओझं तुमच्यावर येतं. आणि चाळीत किंवा बाजारपेठेत चुकलेली गोळी पातळ भिंतीपलीकडे कुणाला लागेल, याचा विचार झाडण्याच्या आधी व्हायला हवा, नंतर तो निरुपयोगी आहे.

शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत जड मुद्दा घराचा. बाहेरच्या शत्रूसाठी आणलेलं शस्त्र घरातल्या वाईट रात्री हाताशी असतं. स्टॅनफर्डच्या डेव्हिड स्टडर्ट आणि सहकाऱ्यांनी २०२०मध्ये कॅलिफोर्नियातल्या २ कोटी ६३ लाख प्रौढांचा बारा वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हँडगन असलेल्या पुरुषांत आत्महत्येचा दर हँडगन नसलेल्या पुरुषांच्या तीनपटीहून जास्त होता आणि स्त्रियांत सातपटीहून जास्त. तिथला समाज वेगळा, शस्त्रांची संख्या प्रचंड, हे मान्य. पण परीक्षेत नापास झालेला मुलगा, कर्जात बुडालेला भाऊ, नैराश्यातली सून आपल्याही घरात असते. म्हणून शस्त्र आणि काडतुसं वेगवेगळ्या कुलपांत, किल्ली परवानाधारकाकडेच. परवाना हा एका व्यक्तीच्या नावचा असतो. नवऱ्याच्या परवान्यावर बायको शस्त्र बाळगू शकत नाही, बापाच्या परवान्यावर मुलगा नाही. घरात कुणी खचलेलं असेल तर शस्त्र काही दिवस परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात जमा करा. निवडणुकीच्या वेळी पुष्कळजण ते करतातच, तेव्हा त्यात लाज कसली? आणि परवानाधारक वारला की वारसांनी ते शस्त्र विनाविलंब जमा करायचं असतं. वडिलांची आठवण म्हणून ते ट्रंकेत ठेवणं हा गुन्हा आहे.

या सगळ्याचा निकाल मी असा देतो. वाजवी, ठोस धोका असलेल्या, शांत डोक्याच्या, दारूपासून दूर असलेल्या आणि सराव करायला तयार असलेल्या नागरिकानं साध्या बनावटीचं, हातात भरणारं, फार हलकं नसलेलं .३२ रिव्हॉल्व्हर घ्यावं. यातली एक जरी अट पुरी होत नसेल तर घेऊ नये.

सरावाविषयी मात्र आपली व्यवस्था अपुरी आहे. २०१६च्या नियमांत परवान्यापूर्वी सुरक्षा-प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. पण ते एकदाच. पुढची पाच वर्षं माणसानं एकही गोळी झाडली नाही तरी चालतं, आणि बहुतेक झाडत नाहीत. वाहनाला ठराविक काळानं तपासणी लागते, शस्त्र बाळगणाऱ्या हाताला लागत नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवलं. ज्या महाराष्ट्रात असे नेमबाज घडतात, तिथं जिल्ह्या-जिल्ह्यांत परवानाधारकांसाठी वर्षातून दोन दिवस रेंज खुली ठेवणं अशक्य नाही.

आज या सभागृहात ज्यांच्याकडे परवाना आहे, त्यांना माझी विनंती आहे. या महिन्यात शस्त्र कारागिराकडून तपासून घ्या, जवळच्या रायफल क्लबमध्ये जाऊन प्रशिक्षकासमोर गोळ्या झाडा आणि दरवर्षीचा सराव नूतनीकरणाची अट करावी अशी मागणी आपल्या जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी द्या. तिचा मसुदा मी कार्यवाहांकडे ठेवला आहे. जाताना सही करून जा.